शिसं किती बांधायचं?

खान्देशात समुद्र नाही, हे आधीच मान्य करून टाकते. म्हणजे "हिला काय कळतंय त्यातलं?" असं ज्यांच्या मनात येणार आहे त्यांची सोय होईल :-) आपल्याकडे तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे (पाणी असेल तेव्हा), जळगावला मेहरूणचा तलाव आहे. समुद्र मात्र लांब. तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या जळगाव-धुळ्याच्या गोतावळ्यातलं कुणी ना कुणी दर दिवाळीनंतर मालवणला, गोव्याला, अगदी अंदमानला जाऊन 'स्कुबा' करून येतं. मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगाव-मनमाड करत थेट कोकण रेल्वेला लागते, त्यामुळे आता कोकण काही परमुलुख राहिला नाही.

मग फोटो येतात. तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आजूबाजूला पिवळे-काळे मासे आणि हाताचा अंगठा वर. (पाण्याखालच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे 'छान चाललंय' नव्हे, 'वर चला'. पण ते असो.)

मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर रीतसर कोर्स केला. तेव्हापासून फोटो दाखवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारते. कमरेला वजन किती होतं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "काय माहीत, त्यांनी बांधलं."

आज या उत्तराबद्दलच लिहायचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की पाण्याखाली जाणाऱ्या नव्या माणसाच्या अंगावर किती शिसं आहे हे त्याला स्वतःला माहीत असलं पाहिजे, आणि ते अंदाजाने नाही तर पाण्यात तपासून ठरलं पाहिजे. 'असू दे दोन किलो जास्त, बरं असतं' ही समजूत मला साफ चुकीची वाटते.

आता ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. आमच्या आजीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिचा प्रश्न होता, "पाणीमा जावाले वझं कशाले रे भो?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपण सगळे विहिरीत पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून. कुणाला सुका भोपळा, कुणाला ट्रकच्या टायरची ट्यूब. तिथे सगळी धडपड तरंगण्याची. स्कुबामध्ये धडपड उलटी. माणसाचं शरीर मुळात जेमतेम बुडतं किंवा जेमतेम तरंगतं, त्यात छातीत हवा, अंगावर रबरासारखा वेटसूट. त्या सूटच्या कापडात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, म्हणून तो उबही देतो आणि तरंगतोही. अशा माणसाला खाली नेण्यासाठी कमरेच्या पट्ट्यात शिशाचे तुकडे ओवतात. शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड, त्यामुळे छोट्या तुकड्यात काम होतं.

हेतू माणसाला बुडवण्याचा नाही. तो पाण्यात मधल्यामध्ये राहावा, ना वर ना खाली, हा आहे. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. हे साधलं की पाण्याखाली जे वाटतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. आणि हे साधतं ते वजन बरोबर असेल तरच.

मग जास्त वजनाने बिघडतं काय? पाठीवरच्या सिलिंडरला जोडलेलं एक जॅकेट असतं, सगळे त्याला बीसीडी म्हणतात. बटण दाबलं की सिलिंडरमधली हवा त्यात भरते. वजन जास्त झालं की माणूस हे जॅकेट फुगवून हिशेब जुळवतो. चार किलो शिसं जादा असेल तर जॅकेटमध्ये साडेतीन-चार लिटर हवा जादा. तळाशी सगळं ठीक वाटतं. पण दहा मीटरवर पाण्याचा दाब जमिनीवरच्या हवेच्या दुप्पट असतो. वर येताना तो कमी होतो आणि तीच हवा पसरते. दहा मीटरवरची चार लिटर हवा पाच मीटरवर सव्वापाच लिटरच्या वर जाते, पृष्ठभागाशी आठ लिटर होते. वेळेवर सोडली नाही तर ती माणसाला बुचासारखी वर फेकते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला आणि आपण नववी-दहावीत घोकलेला तो नियम इथे कमरेशी येऊन भिडतो. गंमत बघा, 'माणूस वर येऊ नये' म्हणून बांधलेलं जादा शिसंच त्याला भलत्या वेगाने वर आणू शकतं. वेगाने आणि श्वास रोखून वर येणं हा तर या छंदातला सगळ्यात मोठा धोका, कारण जॅकेटमधली हवा पसरते तशी फुप्फुसातलीही पसरते.

दुसरं म्हणजे कमरेला ओझं आणि छातीशी फुगलेलं जॅकेट, यामुळे अंग आडवं राहत नाही. पाय खाली लोंबतात. मग माणूस पोहत नाही, पाण्याखाली सायकल चालवतो. वाळू उडते, दम लागतो, सिलिंडर झरझर रिकामं होतं.

आणि तिसरं, जे कुणी मोजत नाही, ते म्हणजे माणसाची हिंमत जाते.

धुळ्याच्या आमच्या दाजींची गोष्ट त्यांच्याच परवानगीने सांगते. दाजी लहानपणापासून विहिरीत सूर मारणारे. पांझरेला पूर आलेला असताना काठावरून उडी मारायची पैज लावणाऱ्या पोरांपैकी एक. काही वर्षांपूर्वी ते मित्रांबरोबर एका किनाऱ्यावर गेले. नाव-गाव सांगत नाही. होडीवर पट्टे तयारच होते, एकाच मापाचे, आला माणूस की बांधला पट्टा. दाजींचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो, अंगात पातळसा सूट. पाण्याखाली गेल्या गेल्या ते गुडघ्यांवर वाळूत बसले. उठता येईना. सोबतच्या मुलाने जॅकेट फुगवलं तर छाती आवळल्यासारखी झाली. श्वास वाढला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली आणि चार-पाच मिनिटांत त्यांना वर आणलं. होडीवर आल्यावर त्यांनी पट्टा हातात उचलून बघितला. धान्याच्या व्यापारात आयुष्य गेलेला माणूस, त्यांच्या हाताला काट्याची गरज नाही. "दहा किलो आहे हो हे," म्हणाले.

त्यांना चार, फार तर पाच किलो पुरलं असतं.

पण दाजींनी काढलेला निष्कर्ष वेगळाच होता. "आपलं आता पाण्याशी जमत नाही. वय झालं." पोहण्यात ज्याचा हात कुणी धरला नाही असा माणूस पाच किलो जादा शिशामुळे स्वतःला पाण्याला नालायक ठरवून घरी आला. मला याचं फार वाईट वाटतं. अपघात झाला नाही म्हणून कुठे नोंद नाही, तक्रार नाही. असे किती दाजी असतील कुणास ठाऊक.

आता दुसरी बाजू. ती नाकारून चालणार नाही. नवखा माणूस घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस छाती भरून ठेवतो, पूर्ण सोडतच नाही. छातीत एक-दोन लिटर हवा जास्त राहिली की तो एक-दोन किलोने जास्त तरंगतो. शिवाय अर्ध्या तासाच्या अनुभव-सफरीत पर्यटकाला काहीच शिकवलेलं नसतं, सगळं नियंत्रण इन्स्ट्रक्टरच्या हातात. असा माणूस मध्येच सुटून वर गेला तर जबाबदारी त्याची. म्हणून तो एखादा किलो हातचा राखतो. हे मला मान्य आहे.

वजन कमी पडणंही वाईट, हेसुद्धा सांगायला हवं. काही अनुभवी मंडळी 'मी तर दोनच किलोवर जातो' असं मिरवतात, त्यांचं ऐकून नव्याने शिसं काढू नये. सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असतं. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये भरलेली हवा अडीच-पावणेतीन किलोची असते. तुम्ही ती श्वासाने संपवत जाता, तसं सिलिंडर हलकं होत जातं. सुरुवातीला किंचित बुडणारं ॲल्युमिनियमचं सिलिंडर शेवटी चक्क तरंगायला लागतं. वर येण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची पद्धत आहे, शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून. नेमकं तेव्हाच वजन कमी पडलं तर माणूस तिथे टिकत नाही, वर सरकतो. तेव्हा 'कमीत कमी' हा नियम नाही. 'शेवटच्या तीन मिनिटांना पुरेल इतकं, त्याहून जास्त नाही' हा नियम.

एक किलो हातचा राखणं समजू शकते. पाच किलो राखणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, ती सोय आहे. प्रत्येकाचं वेगळं वजन ठरवायला वेळ लागतो, आणि होडीत पुढचे लोक थांबलेले असतात.

खरं तर वेळ लागतो तो किती? पाच मिनिटं. सगळा सरंजाम अंगावर चढवून, नळी तोंडात धरून, उभं डुबता येईल एवढ्या पाण्यात उतरायचं. पाय हलवायचे नाहीत. हे सगळ्यात कठीण, कारण पाय आपोआप हलतात आणि मग माणूस आहे त्यापेक्षा हलका भासतो. नेहमीसारखा श्वास घेऊन तो क्षणभर धरायचा आणि जॅकेटमधली सगळी हवा सोडायची. (श्वास धरायचा तो फक्त इथे, पाण्याच्या वर. खाली गेल्यावर कधीही नाही.) पाणी डोळ्यांच्या रेषेत येऊन थांबलं पाहिजे. मग श्वास सोडायचा, की सावकाश खाली जायला लागलं पाहिजे. दगडासारखं गेलात तर एक तुकडा काढा. श्वास सोडूनही कपाळ वरच राहिलं तर एक घाला. ही तपासणी भरलेल्या सिलिंडरवर केली असेल तर शेवटच्या हलकेपणासाठी दोनेक किलो वाढवायचे. बुडी संपताना, जवळजवळ रिकाम्या सिलिंडरवर, पुन्हा एकदा हेच करून बघायचं. तो आकडा खरा. तो वहीत लिहून ठेवायचा. सूट कोणता, सिलिंडर कोणतं, पाणी गोडं की खारं, हेही सोबत.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडच्यांसाठी विशेष. आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईच्या तलावात गोड्या पाण्यात धडे घेतात आणि मग समुद्रात जातात. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड, म्हणून तिथे माणूस जास्त तरंगतो. तुमचं वजन साठ किलो आणि सामान वीस किलो धरलं तर ऐंशीचे अडीच टक्के, म्हणजे दोन किलो शिसं समुद्रात जास्त लागणार. साधा हिशेब.

'पातळ सूटला शरीराच्या वजनाच्या ५ टक्के, जाड सूटला १० टक्के' असे ठोकताळेही ऐकायला मिळतात. सुरुवात करायला ठीक आहेत. पण चरबी तरंगते, हाडं-स्नायू बुडतात. सत्तर किलोचा सडसडीत पोरगा आणि सत्तर किलोची माझ्यासारखी गुबगुबीत बाई, दोघांना एकच आकडा कसा चालेल?

हे सगळं नवं नाही. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली पाण्याखाली श्वास घेण्याचं आजच्यासारखं यंत्र तयार केलं, तेव्हा असं फुगवायचं जॅकेट नव्हतंच. वजन चुकलं तर सावरायला काही नाही, म्हणून त्या लोकांना ते बरोबर ठरवावंच लागे. जॅकेट आलं आणि चूक झाकायची सोय झाली. त्याच्याही कितीतरी आधी मन्नारच्या आखातात मोती काढणारे पाणबुडे दगडाच्या आधाराने खाली जात, आणि तळाशी पोहोचले की दगड सोडून देत. तो दगड दोरीने वर ओढून घेतला जाई. वजन खाली जाण्यापुरतं असतं आणि गरज पडली की सोडायचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजच्या पट्ट्यालाही एका हाताने सुटणारं बक्कल असतं ते याचसाठी. तरी जगभरातल्या डायव्हिंगच्या मृत्यूंचे अहवाल वाचले तर पुन्हा पुन्हा हेच दिसतं, की वजनं कमरेलाच होती. माणसाने सोडलीच नाहीत. ज्याला आपल्या कमरेला काय आहे, किती आहे आणि ते कसं सुटतं हेच माहीत नाही, तो घाबरलेल्या अवस्थेत ते कुठून सोडणार?

हा प्रश्न फक्त आपल्या जिवाचाही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जिथे बहुतेक जण बुडी मारतात, तो भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. तिथे प्रवाळ आहेत. प्रवाळ वाढतात फार सावकाश. जड झालेला माणूस तळावर गुडघे टेकतो, हात टेकतो, फिन्सने सपासप मारतो. ज्याचं वजन बरोबर आहे तो वरून अलगद निघून जातो. आपण पाहायला गेलो ते आपल्यामागून येणाऱ्यालाही दिसावं, एवढी माणुसकी तर ठेवायला हवी.

आणि शेवटी आपल्या स्वभावाबद्दल. जळगाव म्हणजे सुवर्णनगरी. आपण सराफाच्या दुकानात काचेच्या पेटीतल्या काट्यावर शेवटचा आकडा स्थिर होईपर्यंत डोळे हलवत नाही. केळीच्या काट्यावर कटती किती धरली यावरून भांडतो. भाजीवाल्याला "ताजवा नीट धर" म्हणतो. तेच आपण होडीवर चढलो की गप्प. "सरांना माहीत असणार." "सगळ्यांनी बांधलं, मी कशी नाही म्हणू?" "परत घाबरट म्हणतील." जिथे वजनाचा संबंध थेट श्वासाशी आहे, नेमकं तिथेच आपण विचारत नाही.

विचारायला काय लागतं? दोन वाक्यं. "माझं वजन किती ठेवलंय?" आणि "उतरल्यावर एकदा तपासून बघूया का?" चांगल्या इन्स्ट्रक्टरला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. असे इन्स्ट्रक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझे होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला सात किलो दिलं, दुसऱ्या दिवशी श्वास जरा शांत झाल्यावर एक तुकडा काढला, शेवटच्या दिवशी आणखी एक. विहिरीवर आजोबा पोराच्या पाठीचा डबा अर्धा पाण्याने भरायचे, मग एक दिवस काढूनच टाकायचे, तसंच हे. शिकवणाऱ्याचं कसब ओझं चढवण्यात नसतं, ते कधी उतरवायचं हे ओळखण्यात असतं. ज्याने तुमचं वजन चार दिवसांत एकदाही बदललं नाही, त्याने तुमच्याकडे नीट पाहिलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दाजींचा मुलगा या दिवाळीनंतर कोर्सला जायचं म्हणतोय. परवा त्याचा फोन. "मावशी, पप्पा नको म्हणतात. तू सांग ना त्यांना." मी दाजींशी बोलले. त्यांना सांगितलं, त्याला अर्ध्या तासाच्या सफरीला नका पाठवू, पूर्ण कोर्सलाच पाठवा. चार बुड्या समुद्रात, मर्यादा अठरा मीटर, आणि स्वतःचं वजन स्वतः ठरवायला शिकणं हा त्यातला भागच आहे. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था २०१५ सालापासून आहे, तिथेही चौकशी करता येईल. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला खरंच चारच किलो लागलं असतं?"

म्हटलं, "चार-पाच. पाण्यात उतरून बघावं लागेल."

बघू, काय ठरवतात ते.

ता. क. : कोर्सला जाणाऱ्या भाच्यासाठी आणि इतर भाचरांसाठीही. पट्टा बांधला की आधी बक्कल एका हाताने उघडून बघायचं. डोळे मिटून. दोनदा.